पाव अंशाचा डबा

...आणि वर मलाच विचारतात हो, मलाच! "बंसरीबेन, डबा सरळ का नाही?" अहो, सरळ नसतोच! जगातला कुठलाच प्लास्टिकचा डबा सरळ नसतो! घरी गेलात की बघा, बादली बघा, टमरेल बघा, दह्याचा डबा बघा... वर रुंद, खाली जरा अरुंद. का? देवाने तसं केलं? नाही! माझ्यासारखं कोणीतरी कॉम्प्युटरपुढे बसून, मान मोडून, एकेका भिंतीला उतार देतं म्हणून! ड्राफ्ट म्हणतात आमच्यात त्याला. साच्यात गरम प्लास्टिक दाबून भरलं ना, की थंड होताना ते आकसतं आणि आतल्या लोखंडी ठोकळ्याला अशी मिठी मारून बसतं, अशी मिठी, की भिंती सरळसोट असल्या तर काही केल्या सुटत नाही. जरासा उतार दिला की पहिल्या धक्क्याला सुटतं. कुल्फीचा साचा निमुळता असतो ना? दोन तळव्यांत फिरवला की कुल्फी बाहेर... बस, तेवढंच! तेवढंच माझं म्हणणं होतं! एक अंश हो, फक्त एक अंश! मी काय काटकोन मागत होते?

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, एका डब्यापायी ही बाई एवढी काय तणतणतेय. तर आमचा कारखाना राजकोटबाहेर, शापरला. मालक रसिकभाई डोबरिया. माणूस सोन्यासारखा, दोनच दोष. एक, आईचा शब्द म्हणजे त्यांना हायकोर्टाचा निकाल. आणि दुसरा, स्वतःच्या डोक्याने आजवर एक वस्तू काढलेली नाही. सगळी नक्कल! बाजारात एखादं घमेलं खपताना दिसलं की संध्याकाळी ते माझ्या टेबलावर हजर. "बेन, जरा मापं काढा ना ह्याची." नऊ वर्षं! इंजिनिअरिंगची पदवी घेऊन नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या घमेल्यांची मापं काढतेय हो! घरी जेवायला बसले तर वाटी उचलून तिची कड बघते. नवरा म्हणतो, "आमटी वाढू की कॅलिपर आणू?"

आणि एक दिवस रसिकभाई आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "बेन, ह्या वेळी नक्कल नाही. खाखऱ्याचा डबा करायचा. बाची इच्छा आहे. डोकं सगळं तुमचं. डबा साच्यातून नीट निघाला आणि बाला पसंत पडला, तर इथून पुढे प्रत्येक वस्तू तुमच्या डोक्यातली." मी म्हटलं, "आणि नाही निघाला तर?" तर म्हणतात, "तर काय... घमेली आहेतच."

काटा आला अंगावर! आनंदाने पण आणि भीतीने पण. नऊ वर्षांत पहिल्यांदा पडदा कोरा होता माझ्यापुढे, कोरा! कोपऱ्यात कोणाचं घमेलं नाही, काही नाही. त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटरवर गात होते, विचारा कोणालाही.

आता बा. रसिकभाईंच्या आई, कंचनबा. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, कारखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली त्यांची खाट, आणि तिथून सगळ्या शापरवर नजर. बांची मुलगी नयनाबेन अमेरिकेला, न्यू जर्सीत. तिकडे कोणीही निघालं की बा स्वतःच्या हाताने खाखरे लाटणार, भाजणार, मेथीचे, जिऱ्याचे, कापडाने दाबून दाबून, कागदासारखे पातळ... आणि बॅगेत देणार. आणि तिकडे पोचतो काय? चुरा! नयनाबेन फोनवर म्हणते, "बा, चुरा फार छान झालाय, दह्यात घालून खाल्ला." चुरा छान झालाय! बा फोन ठेवायच्या आणि आता तिकडे कोण निघालंय ते विचारत सुटायच्या. स्टीलच्या डब्यात द्यावेत तर विमानात खाखऱ्यापेक्षा डब्याचंच वजन. म्हणून हा प्लास्टिकचा डबा. म्हणजे मला माझी पडलेली आणि बांना नयनाबेनची, दोघींचा जीव एकाच डब्यात!

पहिल्याच दिवशी बा घरातला स्टीलचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी. "दीकरी, अस्साच. पण हलका."

मी म्हटलं, "होईल, बा. फक्त भिंतीला जरासा उतार द्यावा लागेल. तळाशी थोडा अरुंद."

"थोडा म्हणजे किती?"

हिशेब केला. डबा आठ इंच उंच, उतार एक अंश, म्हणजे दोन्ही बाजू धरून तळाशी सात मिलिमीटर कमी. करंगळी पुढे केली. "ही एवढी पण नाही, बा."

बांनी पिशवीतून खाखऱ्यांची थप्पी काढली. माझ्या टेबलावर नकलेसाठी आलेला बाजारचा एक डबा होता, तो ओढला, आणि एक खाखरा आत सोडला. खाखरा गेला, गेला... आणि अर्ध्यात अडकला. त्याच्यावर दुसरा. दुसऱ्यावर तिसरा. खाली अर्धा डबा रिकामा आणि वर खाखऱ्यांची गच्ची! मग बांनी वरून एका बोटाने जरासं दाबलं... कट्! "ऐकलंस?" बा म्हणाल्या. "हा आवाज नयनाच्या घरी पोचतो."

मी काय हार मानते? म्हटलं, "मग असं करू, तळ खाखऱ्याच्या मापाचा, आणि तोंड मोठं!"

"मग वरचे खाखरे आत नाचतील."

"किती नाचतील, बा? सात मिलिमीटर!"

"एवढासा पातळ जीव त्याचा. त्याला फुटायला तेवढं नाचणं पुष्कळ झालं."

बोला! आता त्या पदवीचं काय लोणचं घालायचं? मी कुल्फीचं उदाहरण दिलं, तर म्हणाल्या, "खाखरा काय कुल्फी आहे?" मी बादलीचं दिलं, तर म्हणाल्या, "बादलीत पाणी असतं, पाण्याला काय, कुठेही मावतं." मी टेबलावर डोकं ठेवलं हो. एक अंश, फक्त एक अंश! काटकोन मागत होते का मी?

तेवढ्यात रसिकभाई आत. "काय झालं?" बा म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण डबा वाकडा काढते." झालं! निकाल लागला! "बेन, बा म्हणते ना सरळ, मग सरळ." मी ओरडले, "रसिकभाई, सरळ काढला तर साच्यातून निघणार नाही!" तर शांतपणे म्हणतात, "आपले जयंतीभाई बसलेत ना."

जयंतीभाई पिठवा म्हणजे आमचे साचेवाले मिस्त्री. तीस वर्षं लेथवर, कानावर पेन्सिल, आणि तोंडात मावा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळा ऐवज गालात, त्यामुळे बोलणं कसं, तर हनुवटी आभाळाकडे आणि शब्द नाकातून. त्यांना बोलावलं. मी म्हटलं, "सांगा हो जयंतीभाई, उताराशिवाय निघेल का डबा?" त्यांनी हनुवटी वर केली. "ऊंहूं." बघा! मी म्हटलं, बघा! रसिकभाई म्हणाले, "मिस्त्री, पण थोडं घासून-बिसून?" हनुवटी परत वर. "ऊं... ठोडा टरी द्या उटार... बाकी घाशीन मी."

मग काय, बाजारात भाजीचा भाव करावा तसा माझ्या टेबलावर उताराचा भाव सुरू! मी एक अंशावर, बा शून्यावर. रसिकभाई मध्ये, "बेन, तुम्ही जरा खाली या, बा, तू जरा वर ये." मी म्हटलं पाऊण. बा म्हणाल्या शून्य. मी म्हटलं, बरं, अर्धा, पण त्याखाली एक टिंबसुद्धा नाही! बा म्हणाल्या, "टिंब तुझं तू ठेव." अहो, दर वेळी आकडा बदलायचा, डबा नव्याने काढायचा, छापायचा, बांनी कागदावर खाखरा ठेवून बघायचा, मान हलवायची, परत! अकरा वेळा! शेवटी पाव अंशावर सौदा पटला. पाव अंश म्हणजे तळाशी जेमतेम पावणेदोन मिलिमीटर कमी. बांनी सुस्कारा सोडला, "बघू. पण तळाशी अरुंद नको, हं." आता पावणेदोन मिलिमीटर अरुंद असणार हे त्यांनीच कबूल केलेलं, आणि वर अरुंद नको, हं! आणि हे जयंतीभाई दारात उभे राहून ऐकतायत.

आता बाराव्यांदा काढायला बसले. हे काम कसं असतं सांगते, सोपं आहे. आधी सांगायचं, कुठलं माप जागचं हलणार नाही. मी तोंड धरलं, खाखऱ्याच्या मापाचं, सात इंच, पक्कं. मग भिंत निवडायची. मग अंश लिहायचा. मग पडद्यावर एक छोटासा बाण येतो. बाण ह्या बाजूला असला तर भिंत तळाशी आत झुकते, त्या बाजूला असला तर तळाशी बाहेर. टिचकी मारली की बाण उलटतो. संपलं! पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमेल.

पण शेजारी स्टुलावर बा! मांडीवर गरम गाठियाचा कागद, तळलेल्या मिरच्या, कच्च्या पपईचा संभारा. "खा दीकरी, सकाळपासून उपाशी दिसतेस, म्हणून डोकं तापतं तुझं." आणि देतात कुठे, भरवतात हो! माझे दोन्ही हात कामात आणि बा माझ्या तोंडात गाठिया कोंबतायत, वर मिरची. आणि बघता बघता, "अगं, हा बाण कसला?" मी भरल्या तोंडाने, "हा बा, उताराची बाजू दाखवतो, टिचकी मारली की असा उलटतो." मारून दाखवली. "अगं बाई! परत दाखव." परत मारली. बा लहान पोरीसारख्या खुश! "परत!" परत मारली. "आता मी मारू?" मारा, बा. त्यांनी मारली. किती वेळा मारली? अहो, ते मोजलं असतं तर आज तुमच्यापुढे बसून मी ही कर्मकहाणी सांगितली असती का?

आणि पाव अंश डोळ्यांना दिसत नाही, बरं का! पडद्यावर इकडे झुकली काय, तिकडे झुकली काय, भिंत सरळच दिसते. म्हणून तपासायचं एक बटण असतं. दाबलं की सुटणाऱ्या भिंती हिरव्या आणि अडकणाऱ्या लाल. मला दाबायचं होतं. मी दाबणारच होते. देवाशपथ दाबणार होते! पण घड्याळात बघितलं तर एकला दहा कमी.

आता एकला दहा कमी म्हणजे काय, हे राजकोटच्या माणसाला सांगावं लागत नाही. एकच्या ठोक्याला आमचं गाव आडवं होतं. जेवण, ताक, आणि चारपर्यंत झोप. यम जरी दुपारी दीडला दारात आला ना, तरी त्याला म्हणतील, "चारनंतर या, भाई." बा उठल्या, रसिकभाईंनी गाडीची किल्ली खुळखुळवली, मी फाइल जतन केली, कागद छापला, जयंतीभाईंच्या हातात दिला आणि घरी गेले. इतकी छान झोप लागली मला त्या दुपारी, की आठवलं की अजून लाज वाटते.

दीड महिना साचा कापला जात होता. जयंतीभाईंच्या लेथच्या डोक्यावर माझा कागद चिमट्याला लटकलेला, आणि मी येता-जाता उगाच त्या बाजूने. माझा डबा! कोणाचं घमेलं नाही, माझा! साखरपुड्याला नटले नव्हते तेवढी चाचणीच्या दिवशी नटून गेले. मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला, बांनी अक्षता टाकल्या. पहिला डबा भरला बारा चाळीसला. मशीन उघडलं. बाहेरचा अर्धा साचा अलगद मागे सरकला, आणि आतल्या ठोकळ्यावर माझा डबा... पांढरा, चकचकीत, बाळासारखा! मी टाळ्या वाजवल्या हो!

आता ढकलणारी कडी पुढे येणार आणि डबा टपकन खाली पडणार. कडी पुढे आली. डबा... नाही. परत. नाही! तिसऱ्यांदा. मशीन कण्हायला लागलं, कडी थरथरली, डबा ढिम्म! जयंतीभाईंनी हनुवटी वर केली, "ऊं..." म्हटलं आणि खाली केली. मी म्हटलं, पाव अंश! बघा तुमचा पाव अंश! मी ओरडून सांगत होते, एक अंश द्या, फक्त एक अंश, काटकोन नव्हते मागत! रसिकभाईंनी घड्याळ बघितलं. एकला पाच कमी. "चारला बघू."

मी किंचाळले, "रसिकभाई, आत्ता गरम आहे तोवर काढा! थंड झाला की आणखी आकसेल, आणखी घट्ट बसेल!"

"बेन," रसिकभाई म्हणाले, "प्लास्टिक कुठे पळून चाललंय? जेवून घ्या तुम्ही पण." आणि गेले! सगळे गेले! मशीन बंद, दिवे बंद, आणि माझा पहिलावहिला डबा तसाच लोखंडाला कवटाळून बसलेला. अख्ख्या जगात साच्यात अडकलेला माल टाकून झोपायला जाणारी माणसं दुसरीकडे कुठे असली तर मला दाखवा!

मी नाही गेले. घशाखाली घास उतरला असता का? मी जाऊन कॉम्प्युटर लावला. म्हटलं, चला, आता तरी ते बटण दाबून दाखवते सगळ्यांना, की भिंती हिरव्या आहेत, चूक माझी नाही, चूक ह्या भाव करणाऱ्यांची आहे. दाबलं.

लाल.

अहो, अख्खा डबा लाल! लग्नातल्या बांधणीसारखा लालभडक! बाण उलटा! तोंड सात इंच आणि तळ त्याच्याहून पावणेदोन मिलिमीटर मोठा! म्हणजे उतार कमी पडलाच नव्हता, उतार उलटाच दिला होता मी! नऊ वर्षांत दुसऱ्यांची हजार घमेली नीट उतरवली, आणि स्वतःचा पहिला डबा... माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बाहेर सगळं शापर झोपलेलं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं, आणि आत मी एकटी, त्या लाल डब्यापुढे हुंदके देत.

आणि खोटं कशाला बोलू, मनात पाप आलं. बाण पुन्हा सुलटा करायला एक टिचकी. एक! फाइल हिरवी, आणि मग म्हणायचं, जयंतीभाईंनी लेथवर उलटं कापलं. बोट माऊसवर ठेवलं पण होतं मी. पण तो माझा उलट्या मापांचा कागद तिकडे चिमट्याला लटकत होता... आणि नसता लटकत तरी, खरं सांगते, हात वळला नसता. ह्या माणसाने नऊ वर्षं माझ्या बारीकसारीक चुका घासून गुळगुळीत केल्यात आणि एका शब्दाने कधी बोलला नाही. तोंडात मावा असतो हे खरं, पण तरीही! मी डोळे पुसले आणि चार वाजेपर्यंत तशीच बसून राहिले, मनात घमेली मोजत.

चारला सगळे आले, झोपून टवटवीत, तोंडं धुऊन. मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं, "रसिकभाई, चूक माझी आहे, बाण उलटा लागला, डबा तळाशी रुंद झालाय, तो जन्मात निघणार नाही, साचा वाया गेला, द्या मला घमेली!"

मग जयंतीभाई बाहेर गेले, थुंकले, चूळ भरली, आत आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा आवाज ऐकला हो! एवढा गोड आवाज! रेडिओवर शोभेल असा! म्हणाले, "बेन, मला पहिल्याच दिवशी लेथवर दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं बांनी सांगितलंय. त्या म्हणत होत्या ना, तळाशी अरुंद नको. बांचं म्हटल्यावर विचारायचं कोणी?"

"बरोबर आहे," रसिकभाई म्हणाले. बरोबर आहे! अहो, दीड महिना एक माणूस जाणूनबुजून उलटा साचा कापतो, आणि बरोबर आहे! मग सगळ्यांनी बांकडे बघितलं. बा दारासमोर खाटेवर पाय हलवत बसलेल्या. "मग? मी काय चुकीचं बोलले? अरुंद नको म्हटलं, नाही केला अरुंद. मिस्त्रीला कळलं, तुम्हालाच कळेना."

मी म्हटलं, "बा, पण तो निघणार नाही!"

जयंतीभाई म्हणाले, "थंड नाही निघणार. गरम निघेल. बाहेरच्या साच्यातून सुटलाच होता ना, आकसला म्हणून? आता फक्त आतल्या ठोकळ्यावरून उपटायचा. मऊ आहे तोवर तोंड ताणून." तर पहिला अडकलेला डबा करवतीने कापून काढला, माझ्या काळजावरच चालत होती ती करवत. मग जयंतीभाईंनी ठोकळ्यातल्या बारीक भोकाला हवेची नळी जोडली. दुसरा डबा भरला. मशीन उघडलं. डबा तसाच, कवटाळून. मी डोळे मिटले. जयंतीभाईंनी कळ दाबली... फुस्स्स... डबा जरासा फुगला, तोंड जरासं ताणलं... आणि फट्टाक्! उडाला! मशीनवरून, रसिकभाईंच्या टकलावरून, दारातून बाहेर, आणि धप्प, थेट बांच्या खाटेवर!

बांनी पदरात धरला, फुंकर मारली, पाण्यात बुडवला, पुसला. पिशवी उघडली. सगळा कारखाना त्या खाटेभोवती. बांनी एक खाखरा तोंडाशी धरला आणि सोडला. आणि तुम्हाला सांगते, तो पडला नाही हो, उतरला! तोंडातून बेताने आत गेला, आणि खालची कोंडलेली हवा त्याच्या कडेकडेने हळूहळू निघत गेली, आणि खाखरा आपला अलगद, तरंगत तरंगत, तळाशी जाऊन टेकला. आवाज नाही! दुसरा. तिसरा. बावीस खाखरे! एक अडकला नाही, एक तडकला नाही. बांनी झाकण लावलं, डबा कानाशी धरून हलवला. काही नाही. परत हलवला. मग डबा मांडीवर ठेवला आणि नुसत्या बघत बसल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. "नयनाला अख्खा खाखरा मिळेल," एवढंच म्हणाल्या, आणि मग मीही रडले, रसिकभाईही रडले, जयंतीभाईंनी घाईघाईने मावा तोंडात घातला.

पंधरा दिवसांनी न्यू जर्सीहून फोन, चेहरा दिसणारा. नयनाबेन अख्खा खाखरा चंद्रासारखा हातात धरून, "बा, बघ! बा, ह्याची कड बघ!" आणि बा ओरडतायत, "अगं, आता खा!" पेढे वाटले त्या दिवशी. मी प्रत्येकाला सांगत होते, ती चूक होती हो, बाण उलटा लागला, गाठिया खाता खाता! तर लोक म्हणायचे, "केवढी ही नम्र बाई!" शेजारच्या कारखान्याचे दोन इंजिनिअर आले वही घेऊन, "बेन, ह्या उलट्या उताराचा विचार कसा सुचला?" काय सांगू? "मिरची तिखट होती," म्हणू?

आणि रसिकभाई शब्दाला जागले, हं. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावरची सगळी घमेली उचलून नेली. "बेन, आता प्रत्येक वस्तू तुमच्या डोक्यातली!" मी तर तरंगतच होते. बसले, आठ दिवस खपले, एक बादली काढली. माझी! उतार पूर्ण दोन अंश, बाण दहा वेळा बघितला, बटण दाबलं, नखशिखांत हिरवी! नेली दाखवायला. रसिकभाईंनी बघितली, मान डोलावली. "छान आहे. पण बेन... ते उलटं कुठेय?"

"रसिकभाई, ती चूक होती!"

"तीच हवी."

"अहो, उलटी केली तर बादल्या एकीत एक बसणार नाहीत! ट्रक भरून नुसती हवा पाठवाल गावोगाव!"

"बेन," रसिकभाई समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाला विचारलंय मी."

संपलं! तेव्हापासून बादली उलटी, ग्लास उलटा, टमरेल उलटं! नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मालाची नक्कल केली, आता स्वतःच्या चुकीची करते. आणि आता खरं काय ते सांगू का, कोणाला बोलू नका... सहा महिने झाले, पाव अंश करून बघितला, अर्धा करून बघितला, गरम काढला, कोमट काढला, हवा मारली, शिव्या मारल्या, बांना शेजारी बसवून गाठियासुद्धा खाल्ले... तीन साचे झाले, तिन्हींत माल अडकून बसलाय! मेली ती चूकसुद्धा मला परत नीट जमत नाहीये.